साक्षीचं समन्स आलंय. ‘आठवत नाही’ म्हणून सुटता येईल का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र लिहिणाऱ्या बाई चाळिशीच्या आहेत, खासगी कंपनीत हिशेबाचं काम करतात. डिसेंबर 2022 मध्ये संध्याकाळी कामावरून परतताना त्यांच्या डोळ्यांदेखत एका कारनं चौकात स्कूटरस्वाराला उडवलं. त्यांनी रिक्षा थांबवून जखमीला दवाखान्यात नेलं आणि पोलिसांनी विचारलं तेव्हा पाहिलेलं सांगितलं. दोन दिवसांनी तो माणूस गेला. त्यानंतर त्यांना कुणी काही विचारलं नाही. आता अचानक प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टातून साक्षीचं समन्स आलं आहे. सासूबाई म्हणतात, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, आणि तू तर मदत करून ओढवून घेतलंस. त्यातच कारचालकाचे एक नातेवाईक घरी येऊन गेले. अगदी अदबीनं म्हणाले, ‘त्या कुटुंबाशी आमचं मिटलंय. तुम्ही खोटं काही बोलू नका, फक्त आठवत नाही म्हणा.’ बाई लिहितात: ‘सिग्नल लाल होता एवढं अजून डोळ्यांसमोर आहे. पण गाडीचा रंग, चालकाचा चेहरा खरंच आठवत नाही. मग आठवत नाही म्हटलं तर त्यात खोटं काय? की पोलिसांना दिलेला जबाब मिळवून पाठ करून जाऊ? वकील उलटसुलट विचारून मलाच खोटं पाडतील. गेलेच नाही तर काय होईल?’

उत्तर:

तुम्हाला खरंच बरंच आठवत नाही आणि ते गृहस्थही नेमकं तेच म्हणायला सांगताहेत, म्हणून तुमचा गोंधळ झालाय. पण कोर्टात ‘तुम्हाला अपघात आठवतो का?’ असा एकच प्रश्न विचारून साक्ष संपवत नाहीत. तिथे पन्नास बारीक प्रश्न असतात. तुम्ही कुठे उभ्या होता, तोंड कोणत्या दिशेला होतं, सिग्नल कोणता होता, स्कूटर कुठून आली, धडकेच्या आधी ब्रेकचा आवाज आला की नंतर. चेहऱ्याबद्दल विचारलं आणि तुम्ही ‘आठवत नाही’ म्हणालात, तर ती खरी साक्ष. सिग्नलबद्दल विचारलं आणि तेच म्हणालात, तर ती खोटी साक्ष, कारण सिग्नल लाल होता हे तुम्ही स्वतःच्या हातानं मला लिहून कळवलंय. त्या गृहस्थांना तुमच्याकडून सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर हवंय. तुम्हाला मात्र प्रत्येक प्रश्नाला वेगळं उत्तर द्यायचं आहे.

तुमच्या पत्राखाली आणखी एक समजूत दडलेली दिसते: सगळं आठवलं तरच साक्ष द्यावी, अर्धवट आठवत असेल तर आपण कुचकामी. कोर्टाची अशी अपेक्षा नसते. 1983 मध्ये भरवाडा भोगीनभाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे फार समंजसपणे मांडलंय. साक्षीदाराची स्मरणशक्ती छायाचित्रासारखी नसते. घटना अनपेक्षित असते, माणूस हबकलेला असतो, एकाच्या नजरेत भरलेली गोष्ट दुसऱ्याच्या ध्यानातही येत नाही. वेळ आणि अंतर तर माणसं अंदाजानंच सांगतात. म्हणून बारीकसारीक विसंगतींवरून साक्ष फेकून द्यायची नाही, हे तत्त्व तेव्हापासून शेकडो निकालांत उद्धृत झालंय. उलट इतक्या वर्षांनी गाडीचा नंबर, शर्टाचा रंग आणि घड्याळातली मिनिटं घडाघडा सांगणारा साक्षीदारच न्यायाधीशांना खटकतो.

म्हणून जबाब पाठ करायचा विचार सोडून द्या. पोलिसांनी टिपून घेतलेला जबाब हा पुरावा नाही. तुम्ही पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर जे सांगाल, तो पुरावा. पोलिसांनी घेतलेल्या अशा जबाबावर साक्षीदाराची सहीसुद्धा घ्यायची नसते, कायद्यातच तसं आहे. तेव्हा ‘मी तर सही केली नव्हती, मग तो जबाब माझा कसा’ असं वाटून घाबरू नका. शिवाय तो जबाब लिहिलेला असतो पोलिसांच्या ठरलेल्या भाषेत. ‘सदर वाहनचालकाने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून’ हे वाक्य तुमच्याही जबाबात असणार, कारण ते जवळपास प्रत्येक अपघाताच्या जबाबात असतं. तुम्ही तसं बोलला नव्हता, आजही बोलू नका. साक्षीदार पोलिसांच्या भाषेत बोलायला लागला की बचावाचे वकील कान टवकारतात.

आणि नुसत्या ‘भरधाव’नं काही साधतही नाही. कर्नाटक सरकार विरुद्ध सतीश या 1998 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की गाडी खूप वेगात होती एवढ्यानं हयगय किंवा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. वेग किती म्हणजे जास्त, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. तुमच्याकडे त्याहून मोलाची गोष्ट आहे. ‘सिग्नल लाल होता. बाकीच्या गाड्या थांबल्या होत्या. ही गाडी थांबली नाही.’ तुम्हाला हे असंच दिसलं असेल, तर एवढंच सांगा. निष्कर्ष काढायचं काम न्यायाधीशांचं.

तरीही जबाब अजिबात बघायचा नाही का? बघायला हरकत नाही. साक्षीच्या दिवशी सरकारी वकील बहुधा तुम्हाला तो दाखवतील किंवा त्यात काय आहे ते सांगतील. एकदा शांतपणे वाचा. जे चुकीचं लिहिलंय असं वाटेल, ते तिथल्या तिथे सरकारी वकिलांना सांगा. त्यांना ते पिंजऱ्यात कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. मग उलटतपासात प्रश्न येईल: ‘आज कोर्टात येण्याआधी तुम्ही जबाब वाचला का?’ भलेभले साक्षीदार इथे गडबडून ‘नाही’ म्हणतात आणि विनाकारण खोटे पडतात. वाचला असेल तर ‘हो, वाचला’ म्हणा आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहा. वाचणं हा गुन्हा नाही.

पढवणं मात्र वेगळं. साक्षीच्या आधी पोलीस ठाण्यात बोलावून ‘असं असं सांगा’ अशी तालीम कुणी घ्यायला लागलं, तर नम्रपणे नकार द्या. तमिळनाडूतल्या एका खून खटल्यात पोलिसांनी साक्षीदारांना आदल्या दिवशी ठाण्यात बोलावून शिकवलं होतं. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर कडक ताशेरे ओढले आणि त्या साक्षींवर विसंबायला नकार दिला. थोडक्यात, पढवणारा सरकारच्या बाजूचा असला तरी नुकसान साक्षीचंच होतं.

आता त्या अदबशीर गृहस्थांबद्दल. ‘मिटलंय’ हा शब्द त्यांनी तुमच्या मनावरचा भार उतरवायला वापरला. पण निष्काळजीपणानं मृत्यू घडवण्याचा गुन्हा, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 304-अ, आपसात तडजोड करून संपवता येत नाही. त्यात फिर्यादी पक्ष सरकार असतो. त्या कुटुंबानं पैसे घेतले असतील, नसतील; तो त्यांचा प्रश्न, आणि तुम्ही त्यांना दोषही देऊ नका. पण त्यानं तुमची शपथ बदलत नाही. माहीत असूनही ‘माहीत नाही’ म्हणणं हे कायद्याच्या नजरेत खोटी साक्ष देणंच आहे. आज तसं केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. असे खटले क्वचित चालतात, हे मला माहीत आहे आणि त्या गृहस्थांनाही माहीत असणार. त्यामुळे शिक्षेच्या भीतीवर मी फार भर देत नाही. पण वर्तमानपत्रात ज्यांना ‘फितूर साक्षीदार’ म्हणतात, त्यांचं पिंजऱ्यात काय होतं हे माहीत असू द्या. साक्षीदार फिरला असं दिसलं की सरकारी वकील कोर्टाच्या परवानगीनं त्याचीच उलटतपासणी घेतात. म्हणजे ज्या उलटसुलट प्रश्नांना तुम्ही घाबरताय, ते मग दोन्ही बाजूंनी येतील. खरं बोलणाऱ्याला ते एकाच बाजूनं येतात.

त्यांचा फोन आला किंवा ते पुन्हा आले तर वाद घालू नका, घरात बसवूनही घेऊ नका. ‘माझं जे काही आहे ते मी कोर्टात सांगेन’ एवढं पुरे. कधी आले, कोण होतं, काय म्हणाले हे तारखेसह वहीत लिहून ठेवा, आणि साक्षीच्या दिवशी सरकारी वकिलांना सांगा. आजवर झालंय ते मला आर्जव वाटतं, धमकी नाही. उगाच पराचा कावळा करायची गरज नाही. पण सूर बदलला, मुलांचं नाव निघालं, ‘बघून घेऊ’ झालं, तर थांबू नका. खोट्या साक्षीसाठी धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत कोर्टासमोर ठेवा. खून, बलात्कार अशा गंभीर खटल्यांत साक्षीदार असलेल्या वाचकांसाठी वेगळी सोय आहे. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2018 मध्ये मान्यता दिलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्हा पातळीवर अर्ज करता येतो आणि धोक्याचा अंदाज घेऊन संरक्षण मिळू शकतं.

‘गेलेच नाही तर?’ त्याचं उत्तर फार लांबवत नाही. समन्स मिळूनही गैरहजर राहिलात तर कोर्ट वॉरंट काढू शकतं. आधी बहुधा जामीनपात्र, म्हणजे पोलीस घरी येणार, जातमुचलका, म्हणजे हजर राहण्याची लेखी हमी, लिहून घेणार. शेजारीपाजारी जे दिसू नये असं तुम्हाला वाटतं, नेमकं तेच दिसेल. खरंच अडचण असेल, आजारपण, परीक्षा, प्रवास, तर तारखेच्या आधी समन्सवर नमूद पोलीस ठाण्यामार्फत किंवा थेट सरकारी वकिलांना गाठून लेखी अर्ज द्या, कागदपत्रं जोडा. दूरच्या गावी किंवा परदेशी असलेल्यांनी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची परवानगी मागावी. महाराष्ट्र सरकार विरुद्ध प्रफुल्ल देसाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2003 मध्येच अशी साक्ष ग्राह्य धरली. परवानगी देणं न देणं कोर्टाच्या हातात, पण मागायला संकोच नको.

सासूबाईंच्या म्हणीत खोट नाही, फक्त ती तुम्हाला लागू नाही. ती म्हण दावे लावणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही कुणावर दावा लावला नाहीत, तुमच्यावर कुणी लावला नाही. तुम्ही जिंकणार नाही आणि हरणारही नाही. आणि ‘मदत करून ओढवून घेतलंस’ याबद्दल त्यांना एवढं सांगा की 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आलं. अपघातग्रस्ताला सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर त्या इजेबद्दल किंवा मृत्यूबद्दल कारवाई होऊ शकत नाही, आणि नाव सांगायचीही त्याच्यावर सक्ती नाही. तुम्ही तुमच्या मर्जीनं नाव सांगितलंत. त्या चौकात बाकीचे पन्नासजण होते. समन्स तुम्हाला आलं, कारण तुम्ही थांबलात. हे मी कौतुक म्हणून लिहितोय. सासूबाईंना तो टोमणा वाटणार नाही अशी आशा आहे.

आता तयारी. आधी समन्स नीट वाचा. त्यावर कोर्टाचं नाव, खटल्याचा क्रमांक, तारीख, वेळ असते. ई-कोर्ट्सच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर खटल्याची सद्यस्थिती दिसते. सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळाला तर काम सोपं, नाहीतर खटल्याच्या क्रमांकावरूनही शोधता येतं. ॲपवर वेगळी तारीख दिसली तर स्वतः निष्कर्ष काढून घरी बसू नका. समन्सवरची तारीख पाळा किंवा कोर्टातून खात्री करा. समन्सची झेरॉक्स जोडून ऑफिसात रजेचा अर्ज आत्ताच द्या. ‘कोर्टाचं काम आहे’ असं मोघम सांगितलं की लोक भलतेच तर्क करतात. ‘साक्षीदार म्हणून बोलावलंय’ असं स्पष्ट लिहा.

त्या चौकात जाऊन ‘आठवून’ येऊ नका. इतक्या दिवसांत तिथे दुभाजक आला असेल, सिग्नलचा खांब हलला असेल, झाड तोडलं असेल. आजचं चित्र त्या संध्याकाळच्या चित्रावर चढेल आणि दोन्हींतलं कोणतं खरं हे तुम्हालाच सांगता येणार नाही. दुसरे साक्षीदार ओळखीचे असतील तर त्यांच्याशीही ताळा करत बसू नका. त्याऐवजी एक करा. बहुतेक फौजदारी खटले खुल्या कोर्टात चालतात, कुणीही जाऊन मागच्या बाकावर बसू शकतं. साक्षीच्या तारखेआधी एखाद्या दिवशी अर्धी सुट्टी काढून त्याच इमारतीत जा आणि दुसऱ्या एखाद्या खटल्यातली साक्ष ऐका. फोन बंद ठेवा, चित्रीकरण चालत नाही. तासाभरात तुमच्या लक्षात येईल की तिथे सिनेमातल्यासारखं कुणी टेबलावर हात आपटत नाही. बराचसा वेळ कागद शोधण्यात, पुढची तारीख देण्यात आणि टायपिंग पुरं होण्याची वाट पाहण्यात जातो. माझ्या मते भीती घालवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

साक्षीच्या दिवशी कोर्ट सुरू होण्याच्या अर्धा तास आधी पोहोचा. ओळखपत्र आणि मूळ समन्स जवळ ठेवा. कोर्टाच्या दाराशी लावलेल्या बोर्डावर आपला खटला कितव्या क्रमांकावर आहे ते बघा, सरकारी वकिलांना किंवा पैरवी करणाऱ्या पोलिसांना आल्याचं सांगा. दुसऱ्या साक्षीदाराची साक्ष चालू असेल तर तुम्हाला बाहेर थांबायला सांगतील, त्यात अपमान वाटून घेऊ नका. आरोपी किंवा ते गृहस्थ याच व्हरांड्यात असतील. दुसऱ्या टोकाला बसा. पुकारा झाला की आत जा. शपथ झाली की नाव, वय, व्यवसाय, आणि मग सरकारी वकील प्रश्न विचारतील. हा सरतपास. यात ते तुमच्या तोंडी उत्तर घालू शकत नाहीत, म्हणून ‘पुढे काय झालं?’ अशा धर्तीचे मोकळे प्रश्न येतील. तिथे तुम्हालाच बोलावं लागतं.

तुमच्या बोलण्यातलं कामाचं तेवढं न्यायाधीश आपल्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात, तेव्हा दोन-तीन वाक्यांनंतर थांबत चला आणि ते काय सांगताहेत ते कान देऊन ऐका. महाराष्ट्रात खालच्या कोर्टांची भाषा मराठीच आहे. ‘सिग्नल पडत होता’ आणि ‘सिग्नल पडला होता’ यात अख्खा खटला फिरू शकतो. चूक ऐकू आली की तिथेच म्हणा, ‘साहेब, मी असं म्हटलं नाही, मी असं म्हटलं.’ न्यायाधीश महिला असतील तर ‘मॅडम’. साक्ष संपल्यावर टंकलेली प्रत वाचा, घाई असली तरी वाचा, आणि मगच सही करा. उभं राहून त्रास होत असेल तर खुर्ची मागा, पाणी मागा. कुणी नाही म्हणत नाही.

मग उलटतपास. बचावाचे वकील तुमचे वैरी नाहीत, त्यांच्या अशिलाची बाजू मांडणं हे त्यांचं काम आहे. काही प्रश्न जवळपास ठरलेले असतात. अंधार पडला होता का, चष्मा होता का, मोबाइलवर बोलत होता का, मयताच्या नात्यातल्या आहात का. आणि मग विधानं येतात: ‘तुम्ही घटनास्थळी नव्हताच, पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देताय.’ हे ऐकून माणूस पेटतो. पेटू नका. कोर्टाच्या भाषेत ही ‘सूचना’ असते, म्हणजे बचावाचं म्हणणं तुमच्यापुढे ठेवणं; आरोपीच्या बाजूनं ती नोंदवावीच लागते. ‘हे खरं नाही’ एवढं म्हणा, कागदावर ‘हे म्हणणे खरे नाही की…’ असं येईल आणि वकील पुढे जातील. दुहेरी नकाराच्या प्रश्नांत मात्र जपा. ‘तुम्ही तिथे नव्हता हे खरं नाही का?’ याला ‘हो’ म्हणाल तरी अडकाल, ‘नाही’ म्हणाल तरी. पूर्ण वाक्यात उत्तर द्या: ‘मी तिथे होते.’ प्रश्न कळला नाही तर ‘कळला नाही, पुन्हा विचारा’ म्हणा. अंतर मीटरमध्ये सांगू नका. ‘इथून त्या दारापर्यंत असेल’ असं कोर्टाच्या खोलीतलंच दाखवून सांगा. अपमान करण्यासाठीच विचारलेला प्रश्न न्यायाधीश थांबवू शकतात, तेव्हा उत्तर द्यायला एक श्वास उशीर केलेला बरा.

तुमच्यासारखीच्या बाबतीत हमखास येणारा एक प्रश्न म्हणजे जबाबात नसलेल्या गोष्टीचा. समजा तुम्ही सांगितलंत की स्कूटरवाल्यानं हेल्मेट घातलं होतं, आणि जबाबात ते नाही. वकील विचारतील, हे पोलिसांना सांगितलं होतं का? सांगितल्याचं आठवत असेल तर ‘सांगितलं होतं, जबाबात का नाही याचं कारण मी सांगू शकत नाही.’ सांगितल्याचं आठवत नसेल तर तसं म्हणा. विचारलंच नव्हतं, तर तसं. जबाबातलं एखादं विधान तुमच्या आजच्या बोलण्याविरुद्ध जात असेल, तर तो नेमका मजकूर तुम्हाला दाखवून किंवा वाचून विचारावं लागतं. ‘तुम्ही जबाबात वेगळंच म्हटलंय’ असं मोघम ऐकून कबूल होऊ नका. काय म्हटलंय ते ऐकून घ्या.

चालकाची ओळख हा शेवटचा काच. सरकारी वकील विचारतील, तो माणूस आज कोर्टात आहे का? आरोपीच्या जागी एकच माणूस उभा असेल, त्यामुळे बोट दाखवणं सोपं आहे. चेहरा आठवत नसेल तर बोट दाखवू नका. ‘गाडी चालवणाऱ्याचा चेहरा मला आठवत नाही’ म्हणा. सरकारी वकिलांचा चेहरा पडेल, पडू दे. गाडी कोण चालवत होतं हे सिद्ध करायला त्यांच्याकडे इतर मार्ग असतात. शिवाय जिथे आठवत नाही तिथे तुम्ही सरळ तसं सांगितलंत, तर लाल सिग्नलबद्दलचं तुमचं म्हणणं जास्त वजनदार होतं.

एका फेरीत काम होईल असं गृहीत धरू नका. आरोपीचे वकील मुदत मागतात, न्यायाधीश रजेवर असतात. साक्षीदार हजर असताना विशेष कारण नोंदवल्याशिवाय तारीख देऊ नये असं कायदा सांगतो, म्हणून ‘मी रजा काढून आले आहे, आजच साक्ष घ्यावी’ अशी विनंती तुम्ही सरकारी वकिलांमार्फत करू शकता. बोलून बघा, अनेकदा उपयोग होतो. तारीख पडलीच तर ती लिहून घ्या, आणि हजर राहिल्याचा दाखला कोर्टाच्या कार्यालयातून मागा, ऑफिसला लागेल. साक्षीदाराला प्रवासखर्चाचा भत्ताही मागता येतो. रक्कम किरकोळ असते, पण हक्काची आहे.

वकील करायची गरज नाही, साक्षीदाराचा खटलाच नसतो. तरी कुणाशी तरी बोलून घ्यावंसं वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो, आणि 15100 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. ज्या वाचकांच्या हातात साक्षीचं नव्हे, तर दिवाणी दाव्यातलं प्रतिवादी म्हणून समन्स आलंय, त्यांनी मात्र हे सगळं वाचून निवांत बसू नये. त्यांना समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते. कोर्टानं कारण मान्य केलं तर ही मुदत 90 दिवसांपर्यंत वाढू शकते, पण गैरहजर राहिल्यास दावा एकतर्फी चालतो. त्यांनी या आठवड्यातच वकील गाठावा.

निकाल काय लागेल याचा हिशेब तुमच्या डोक्यावर घेऊ नका. आरोपी सुटला तरी तुमची साक्ष फुकट गेली असं नाही, आणि शिक्षा झाली तर ती तुम्ही दिली असंही नाही. तिथे तुमच्याखेरीज तपास अधिकारी, पंच, डॉक्टर, गाडी तपासणारा मोटार वाहन निरीक्षक यांचंही बोलणं असतं. आणखी एक शक्यता मनाशी धरून ठेवा. मयताच्या कुटुंबानं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा अर्ज केला असेल, तर तिथूनही तुम्हाला बोलावणं येऊ शकतं. ते प्रकरण वेगळं, क्रमांक वेगळा, आणि तिथे तुम्हाला बहुधा विमा कंपनीचे वकील प्रश्न विचारतील. म्हणून या साक्षीची नक्कल अर्ज करून काढून ठेवा. तिकडे जाण्याआधी एकदा वाचता येईल.